चार लाख बारा हजार आठशे सहा

मीटरची केबल तुटली ती अणुस्कुऱ्याच्या घाटात,
मागे बांगड्याचे बावीस क्रेट,
बर्फाचं पाणी फळीतून रस्त्यावर ठिबकत.
काटा एकदा थरथरला
आणि शून्यावर जाऊन निजला.
आकडे राहिले होते तिथेच.
नूरू होडेकर म्हणाला, दीडशे रुपयांचं काम,
टाकू कधीतरी.
कधीतरीला सहा वर्षं लागली.

कारण दर खेपेला आधी दुसरंच काही निघायचं.
किंगपिन. पाट्यातलं मधलं पान.
रेडिएटर गळला तेव्हा ओणीपासून नाट्यापर्यंत
मूठभर हळदीवर आणली,
घरी पोचलो तर बोनेटमधून आमटीचा वास.
दुसरा गिअर टिकत नाही, तो गुडघ्याने दाबून धरतो.
गुडघ्याला तिथे घट्टा पडलाय.

मासळीच्या गाडीला खड्डे नाही मारत,
मीठ मारतं.
जेटीवरून आलं की गोड्या पाण्याने धुवायची, खालून,
हे नूरूने पहिल्याच दिवशी बजावलेलं.
पण एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो.
दर्शना कळशा मोजते,
मी निजानीज झाल्यावर बालदी चोरतो,
टॉर्च दातात धरून
चासीच्या पोटाला पाणी लावतो.
एकदा ती पडवीत उभी राहून बघत होती.
बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशी कपडे खंगाळल्याचं पाणी
माडाला न घालता बाजूला ठेवलेलं,
वर खूण म्हणून करवंटी.

याच आकड्यावर आबांना रत्नागिरीला नेलं,
मागे गादी टाकून.
वास जाईना म्हणून खाली निरगुडीचा पाला पसरला.
आबा म्हणाले, वासाला काय झालंय,
जल्म गेला त्यात.
परत आणलं तेही याच आकड्यावर.
याच आकड्यावर मुलगी झाली
आणि हॉर्नपर्यंत हात पोचण्याइतकी मोठी झाली.
किती कोल्हापूर झाली, कुणी मोजली?
मीटरला विचाराल तर
आम्ही घाटातल्या त्या वळणावरून
अजून हललेलो नाही.

यंदा पासिंग.
नूरूने स्क्रूड्रायव्हर चासीत खुपसला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
भंगारवाला आदल्याच आठवड्यात येऊन
किलोचा भाव सांगून गेला होता,
टायर वेगळे, बॅटरी वेगळी.
नूरू गाडीखालूनच म्हणाला,
"करायची?"
त्याचे फक्त पाय दिसत होते,
एका पायात चप्पल.
मी म्हटलं, "कर."

अकरा दिवस.
कुजलेला भाग कापला, पट्टी जोडली,
रेड ऑक्साइडचे दोन हात,
त्यावर जळकं ऑइल, जुन्या बनियनने चोळून चोळून.
मधेच त्याच्या पोराचा कुवेतवरून फोन,
"अब्बा, अजून तीच गाडी?"
नूरूने उत्तर दिलं नाही,
फोन नेऊन वेल्डिंगवर धरला,
"ह्यो टाका बघ."

केबल सगळ्यांत शेवटी.
पासिंगला मीटर चालू लागतो.
दीडशेची तीनशे ऐंशी झालेली.

जेटीकडे निघालो, रिकामी गाडी.
सहा बराच वेळ सहाच होता,
मला वाटलं, बिघडलंय अजून.
मग तो हलला.
वरचं टोक आधी गेलं,
खालून साताने डोकं काढलं
आणि मी ब्रेक मारला,
भर रस्त्यात, कशासाठी ते कळलं नाही.
मागून डंपरवाला हॉर्न ठोकत होता.
आत दोन्ही आकडे अर्धे अर्धे,
काचेला धूळ, ती बोटाने पुसली.

थांबलो असतो अजून थोडा.
पण पाय ब्रेकवर, पुढे उतार,
आणि हँडब्रेक तेवढा करायचा राहिलाय.